जामीनदार आणि मालक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. मोटारींचा धंदा मला परकाच. तरीही आज मी मोटारींच्या दोन कंपन्यांविषयी बोलणार आहे आणि त्याला निमित्त दोन शब्दांचे आहे: 'जामीन' आणि 'मालक'. दोन्ही अरबीतून निघाले, फारसीची वाट तुडवत मराठीत आले आणि असे रुळले, की सोसायटीच्या कर्जापासून घरभाड्याच्या पावतीपर्यंत त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. जामीन राहणारा दुसऱ्याच्या कर्जाखाली सही करतो. मालक होणारा ती वस्तूच आपली म्हणतो. अमेरिकेच्या सरकारने बुडत्या मोटार कंपन्यांसाठी या दोन्ही भूमिका केल्या. १९८० मध्ये ते क्रायस्लर कंपनीला जामीन राहिले आणि २००९ मध्ये जनरल मोटर्सचे चक्क मालक झाले. दोन्ही वेळा कामगार संघटना त्याच टेबलाशी बसलेली होती. दोन्ही वेळा लोक विचारत होते, की आता ही कंपनी चालवतो तरी कोण?

क्रायस्लर हे नाव मला लहानपणापासून ठाऊक. माझे एक मामू कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर होते. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. मागाहून इटलीच्या फियाट आल्या, ज्या पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी झाल्या. मामू गमतीने म्हणत, "आमच्या शेडमध्ये दोन सवती नांदतात." २००९ मध्ये खुद्द अमेरिकेत त्या फियाटने क्रायस्लर ताब्यात घेतली, ती बातमी ऐकायला मामू नव्हते. मी मात्र तेव्हापासून या विषयाचे जे मिळेल ते वाचत गेलो.

गोष्ट सुरू करायची तर मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या शहरापासून करावी लागते. ३० डिसेंबर १९३६ रोजी तिथल्या जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला, पण कारखान्याबाहेर पडून नव्हे. ते आतच बसून राहिले. बाहेर पडलो की मालक दुसरी माणसे आत आणतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ऐन थंडीत कंपनीने आतली ऊब बंद केली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आतून मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या उडाल्या. राज्याचे गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले, पण संपकऱ्यांना हुसकावण्यासाठी ते वापरले नाहीत. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जनरल मोटर्सने 'युनायटेड ऑटो वर्कर्स' या संघटनेला मान्यता दिली. सरकार त्या वेळी मालक नव्हते, जामीनही नव्हते. त्याने फक्त हात उगारला नाही आणि तेवढ्याने पारडे फिरले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर संघटनेचे पुढारी वॉल्टर रूथर यांनी एक विलक्षण मागणी केली. पगार ३० टक्के वाढवा, पण गाडीची किंमत वाढवू नका. आणि हे जमत नाही म्हणत असाल, तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. हा संप ११३ दिवस चालला. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या मंडळाने तासाला साडेएकोणीस सेंट वाढ सुचवली. कंपनी साडेअठरावर अडून बसली आणि साडेअठरावरच मिटले. एका सेंटने कंपनी बुडणार नव्हती. पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो! आज वह्या मागणारे उद्या किमती ठरवतील, परवा कोणती गाडी बनवायची ते सांगतील, ही धास्ती होती. जनरल मोटर्सने त्या संपात राखला तो पैसा नव्हे, मालकीचा हक्क.

त्यानंतरचे करार पाहिले की हा सौदा स्पष्ट दिसतो. १९४८ च्या करारात पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधला गेला. आपण ज्याला महागाई भत्ता म्हणतो तोच हा प्रकार, आणि गंमत म्हणजे ही कल्पना संघटनेची नव्हती, कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांची होती. १९५० मध्ये पाच वर्षांचा करार झाला, त्यात निवृत्तिवेतन आले. त्याच वर्षी क्रायस्लरचे कामगार १०४ दिवस संपावर होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की पेन्शनचा नुसता शब्द नको, पैसा आजपासून बाजूला काढून ठेवा. किती शहाणपणाची मागणी होती ती! पुढे साठच्या दशकात निवृत्तांच्या औषधपाण्याचा खर्चही कंपन्यांनी पत्करला, पण त्यासाठी कोणी पैसा बाजूला काढला नाही. तो दरवर्षीच्या विक्रीतून भागवायचा, असे ठरले. युरोपात ही कामे सरकार करत होते. रूथर यांनाही ती सरकारनेच करावीत असे वाटत होते. अमेरिकेत ती मोटार कंपन्यांच्या गळ्यात पडली आणि त्या वेळी गाड्या इतक्या खपत होत्या, की गळ्यातले लोढणे कोणाला जाणवलेही नाही.

१९७९ उजाडले तेव्हा क्रायस्लरची अवस्था बुडत्याचा पाय खोलात अशी होती. तेल महाग झालेले, लोकांना छोट्या जपानी गाड्या हव्या असलेल्या आणि क्रायस्लरच्या आवारात अवजड गाड्यांच्या रांगा. त्या वर्षी कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. प्रमुख ली आयाकोका वॉशिंग्टनला गेले. संसदेने डिसेंबरमध्ये कायदा केला आणि ७ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली. सरकारने तिजोरीतून रोख रक्कम दिली नाही. दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला ते जामीन राहिले. पण जामीनदाराने अटी घातल्या. बँकांनी सूट द्यावी, माल पुरवणाऱ्यांनी थांबावे आणि संघटनेच्या कामगारांनी ४६ कोटी २५ लाख डॉलरच्या वेतनावर पाणी सोडावे. आयाकोकांनी स्वतःचा वार्षिक पगार एक डॉलर केला. त्याची फार वाहवा झाली. कामगारांच्या कपातीची तेवढी झाली नाही.

कामगारांना बदल्यात थोडे समभाग मिळाले आणि एक खुर्ची मिळाली. मे १९८० मध्ये संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर क्रायस्लरच्या संचालक मंडळावर निवडून गेले. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीत असे पहिल्यांदाच घडत होते. फ्रेझर ग्लासगोत जन्मलेले, क्रायस्लरच्याच डिसोटो कारखान्यात घाम गाळून वर आलेले. उद्योगपती ओरडले, की कोल्ह्याला कोंबड्यांच्या खुराड्यात घेतलेत. डाव्या बाजूचे ओरडले, की आमचा माणूस विकला गेला. वेतनाच्या वाटाघाटींचा विषय निघाला की फ्रेझर बैठकीतून बाजूला होत. पण कारखाना बंद करण्याची चर्चा असली की ते बसून राहत आणि तिथल्या माणसांचे काय, हा प्रश्न विचारत. आयाकोकांनी आपल्या आत्मचरित्रात त्यांची तारीफच केली आहे.

तरीही त्या खुर्चीची उंची किती होती, हे मोजायला हरकत नाही. हॅमट्रॅमॅकचा डॉज मेन हा क्रायस्लरचा जुना, अवाढव्य कारखाना. पिढ्यान् पिढ्या पोलिश स्थलांतरित आणि नंतर कृष्णवर्णीय कामगार तिथे खपले. तो जानेवारी १९८० मध्येच बंद झाला होता; फ्रेझर मंडळावर पोहोचले तेव्हा फाटकाला कुलूप होते. लगाम होता जामीनदाराच्या हाती. हमीच्या रकमेवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने कंपनीचे खासगी विमानसुद्धा विकायला लावले. १९८३ मध्ये क्रायस्लरने मुदतीच्या सात वर्षे आधी कर्ज फेडले. जामीन राहताना सरकारने समभाग खरेदीचे हक्क लिहून घेतले होते. ते परत द्या, अशी गळ आयाकोकांनी घालून पाहिली. सरकार बधले नाही. त्याने लिलाव केला आणि क्रायस्लरलाच ते हक्क ३१ कोटी १० लाख डॉलर मोजून सोडवून घ्यावे लागले. जामीनदार नफ्यात सुटला, असे सहसा घडत नाही. फ्रेझर यांच्यानंतर खुर्ची त्यांच्या वारसाकडे गेली आणि १९९१ मध्ये ती काढूनच टाकली.

आता २००८ कडे येऊ. मधल्या काळात कंपन्यांच्या निवृत्तांची संख्या फुगत गेली होती. गाडीमागे सुमारे १५०० डॉलर केवळ आरोग्यखर्चात जातात, असे जनरल मोटर्सचे अधिकारी सांगत. २००७ च्या करारात तोडगा निघाला. निवृत्तांच्या औषधोपचारासाठी स्वतंत्र विश्वस्त निधी उभारायचा, कंपनीने त्यात ठरावीक रक्कम भरायची आणि कायमचे मोकळे व्हायचे. शिवाय नव्याने लागणाऱ्या कामगाराला जुन्याच्या जवळजवळ निम्मा पगार. पन्नास साली क्रायस्लरचे कामगार जे मागत होते, पैसा बाजूला ठेवा, ते सत्तावन्न वर्षांनी कागदावर आले. मात्र तो पैसा पुरता बाजूला पडण्याआधीच जग कोसळले.

नोव्हेंबर २००८ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांचे प्रमुख संसदेपुढे हात पसरायला गेले ते आपापल्या खासगी विमानांनी. देशभर छी-थू झाली. पुढच्या वेळी बिचारे डेट्रॉइटहून मोटारीने आले! ११ डिसेंबरला सिनेटमध्ये मदतीचे विधेयक अडले. अडले कशावर? तर अमेरिकेतल्या परदेशी कंपन्यांच्या कामगारांइतका पगार ठरलेल्या तारखेला खाली आणू, असे संघटना लिहून देईना. आठ दिवसांनी अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी राखलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर देऊ केले. त्यात अट होतीच, की विश्वस्त निधीला द्यायच्या रोख रकमेपैकी निम्म्याच्या बदल्यात समभाग द्यावेत. ओबामांच्या काळात हे सगळे घडले असा समज आहे, पण अटीचे बी बुश यांनी पेरलेले.

ओबामांनी मात्र पुढचे पाऊल टाकले. त्यांनी नेमलेल्या गटात स्टीव्हन रॅटनर हे वॉल स्ट्रीटचे गृहस्थ आणि रॉन ब्लूम हे पोलाद कामगार संघटनेचे माजी सल्लागार होते. मार्च २००९ च्या अखेरीस या गटाने जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला सांगितले. १९४६ मध्ये ज्या कंपनीने एका सेंटसाठी मालकीचा हक्क राखला, तिचा प्रमुख आता सरकारी कार्यालयात बोलावून घरी पाठवला गेला. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा नव्या जनरल मोटर्सचा ६०.८ टक्के हिस्सा अमेरिकी सरकारचा होता, ११.७ टक्के कॅनडा आणि ऑन्टारिओच्या सरकारांचा, १७.५ टक्के निवृत्तांच्या विश्वस्त निधीचा आणि उरलेला १० टक्के जुन्या रोखेधारकांच्या वाट्याचा. क्रायस्लरमध्ये तर या निधीचा हिस्सा सुरुवातीला दोनतृतीयांशाहून अधिक होता. फियाटकडे २० टक्के आणि कारभार.

इथेच टीकाकारांनी ठोकून दिले, की सरकारने कंपनी युनियनला आंदण दिली. आकडा पाहिला तर तसे वाटते. पण मालकी म्हणजे काय, हे करारनाम्याच्या आतल्या पानांवर असते. हे समभाग संघटनेचे नव्हते, निधीचे होते. निधीच्या अकरा विश्वस्तांपैकी संघटनेचे पाच, बाकी सहा बाहेरचे. दोनतृतीयांश मालकी असूनही क्रायस्लरच्या नऊ संचालकांत निधीचा संचालक एकच. जनरल मोटर्समध्ये निधीने आपली मते इतर भागधारकांच्या मतांच्या प्रमाणातच टाकायची, असे बांधून घेतलेले. आपल्याकडे सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची असते ना, तसे हे. क्रायस्लरच्या मंडळावर निधीने पाठवले मिशिगनचे माजी गव्हर्नर जेम्स ब्लँचर्ड यांना. १९७९ चा जामिनाचा कायदा संसदेत पुढे रेटणारे खासदार ते हेच. तीस वर्षांनी तोच माणूस, तीच कंपनी, पण या वेळी बाजू निवृत्तांची.

आणि ही मालकी फुकट मिळाली नव्हती. रोख देणे होते तिथे कागद हाती आला होता. निवृत्तांच्या दातांच्या आणि डोळ्यांच्या उपचारांचा खर्च बंद झाला. १९४८ पासून चालत आलेला महागाई भत्ता स्थगित झाला. वेतनासाठी २०१५ पर्यंत संप करणार नाही, असे संघटनेने लिहून दिले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे अक्कल होती, वाट नव्हती. हप्ता सरकारच्या हातात होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. क्रायस्लरला तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांना ६.९ अब्ज डॉलरच्या येण्यापोटी दोन अब्ज मिळाले, तर विनातारण असलेल्या निवृत्तांच्या निधीला त्याहून बरा वाटा. इंडियाना राज्यातले पेन्शन फंड, म्हणजे तिथले शिक्षक आणि पोलीस, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्याहून बोचणारे प्रकरण डेल्फायचे. ही जनरल मोटर्सचीच सुटे भाग बनवणारी शाखा, १९९९ मध्ये वेगळी झालेली आणि नंतर दिवाळखोरीत गेलेली. तिच्या पेन्शनचा बोजा सरकारी विमा संस्थेवर पडला, तेव्हा संघटनेच्या सभासदांची तूट जुन्या करारानुसार जनरल मोटर्सने भरून दिली. पण टेबलावर काम करणाऱ्या सुमारे २०,००० पगारी निवृत्तांची संघटनाच नव्हती. त्यांचे पेन्शन कापले गेले. त्यांनी वर्षानुवर्षे खटला लढवला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायलाही नकार दिला. सरकारने संघटनेचे ऐकले हे खरे, आणि ज्यांची संघटना नव्हती त्यांचे ऐकले नाही, हेही खरे.

सरकारने कंपनी रोजच्या रोज चालवली का? चालवली नाही. पण खासदारांना मोह आवरला नाही. आपल्या मतदारसंघातले गोदाम, आपल्या गावचा गाड्यांचा विक्रेता वाचवण्यासाठी फोन झाले. मॅसॅच्युसेट्समधले सुट्या भागांचे एक गोदाम तेवढ्यापुरते वाचलेही. चीनमधून छोट्या गाड्या आणण्याच्या बेतावर गदारोळ झाला, तेव्हा छोटी गाडी मिशिगनच्या ओरायन कारखान्यात बनवायचे ठरले. संघटनेचा विजय म्हणून ढोल वाजले. पुढच्याच वर्षी कळले, की तिथल्या ४० टक्के कामगारांना खालच्या पायरीचा पगार मिळणार आहे आणि संघटनेने ते मान्य केले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ओरायनचे कामगार फलक घेऊन निदर्शने करायला गेले ते कंपनीच्या दारात नव्हे, डेट्रॉइटमध्ये आपल्याच संघटनेच्या मुख्यालयासमोर. आपल्या गिरणगावातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

जाता जाता आपल्याकडचे. सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स बुडाली त्याच महिन्यात, जनरल मोटर्सने तळेगावला कारखाना सुरू केला होता. अमेरिकेतला कोणता कारखाना ठेवायचा यावर वॉशिंग्टनमध्ये खल झाला, तळेगावसाठी कोण खल करणार? डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले, कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईकडे गेला.

अमेरिकी सरकार ९ डिसेंबर २०१३ रोजी जनरल मोटर्समधून बाहेर पडले. ४९.५ अब्ज घातले होते, त्यातले दहा अब्जांहून अधिक डॉलर परत आले नाहीत. लाखो नोकऱ्यांच्या मानाने ही रक्कम कमी, असे मला वाटते; पण पैसे माझे नव्हते. जामीनदाराला नफा झाला होता, मालकाला खोट बसली. जानेवारी २०१४ मध्ये निवृत्तांच्या निधीनेही क्रायस्लरमधला उरलेला ४१.५ टक्के हिस्सा फियाटच्या व्यवहारात ४.३५ अब्ज डॉलरला सोडला. आता कंपनीत ना सरकार, ना निधी.

पण संघटनेवर कंपनीचा प्रभाव उरला होता, आणि तो भलत्याच मार्गाने. २०१७ पासून उघड होत गेले, की फियाट-क्रायस्लरचे अधिकारी प्रशिक्षण केंद्राच्या पैशातून संघटनेच्या पुढाऱ्यांना लाच देत होते. कंपनीने २०२१ मध्ये गुन्हा कबूल करून तीन कोटी डॉलर दंड भरला. पैशांच्या अपहाराच्या चौकशीत संघटनेचे दोन माजी अध्यक्ष तुरुंगात गेले. मग सरकार पुन्हा आले, या वेळी संघटनेवर देखरेख करायला. आणि त्या देखरेखीखाली सभासदांनी पहिल्यांदा थेट मतदानाने अध्यक्ष निवडला, शॉन फेन.

फेन यांनी १५ सप्टेंबर २०२३ पासून तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला. मागण्यांच्या यादीत २००९ मध्ये सोडलेला महागाई भत्ता वरच होता. २६ सप्टेंबरला अध्यक्ष बायडन मिशिगनमधल्या जनरल मोटर्सच्या एका केंद्राबाहेर संपकऱ्यांच्या रांगेत हातात भोंगा घेऊन उभे राहिले. तुम्ही २००८ मध्ये पुष्कळ सोसलेत, असे ते म्हणाले. बायडन २००९ मध्ये उपाध्यक्ष होते. ज्या सरकारने त्या कपातीवर शिक्का मारला, त्याच सरकारातले. ऑक्टोबरअखेर करार झाला. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ, दोन पायऱ्यांची वेतनरचना बहुतांशी मोडीत, महागाई भत्ता परत. मात्र २००७ नंतर लागलेल्यांना जुन्यांसारखे पेन्शन किंवा निवृत्तीनंतरचा औषधोपचार मिळाला नाही. जनरल मोटर्समध्ये हा करार जेमतेम ५५ टक्के मतांनी मंजूर झाला. फ्लिंटच्या कारखान्यातले बहुमत विरोधात गेले होते.